हिंदुरावांचा बिल्ला

डॉक्टरांसमोर बसलेला मधुमेही माणूस जेवढं खोटं बोलतो, तेवढं तो बायकोशीही बोलत नाही. कारण साधं आहे. बायको पुढचा प्रश्न विचारते. डॉक्टरांना दाराबाहेरची रांग दिसत असते, रुग्णाला डॉक्टरांची घाई दिसत असते, आणि 'गोड बंद आहे ना?' 'बंद म्हणजे बंदच' एवढ्यावर दोघंही सुखानं एकमेकांचा निरोप घेतात.

पुढचा प्रश्न विचारणारी माणसं तयार व्हावीत म्हणून मधुमेह-शिक्षणाची पदव्युत्तर पदविका निघाली. साताऱ्यातल्या एका संस्थेत ती शिकायला नर्सेस यायच्या, आहारतज्ज्ञ यायचे, दुकानात उभं राहून कंटाळलेले फार्मासिस्ट यायचे. इन्सुलिन कसं टोचायचं, पायाला भेग पडली तर काय करायचं, सणावाराला ताटात काय वाढायचं, हे रुग्णाला समजावणं हाच त्यांचा विषय. पण पहिल्या काही तुकड्या बाहेर पडल्या आणि लक्षात आलं, की ही मंडळी पुढचा प्रश्न विचारतात खरा, पण शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा. रुग्ण काही सुधारले नाहीत. त्यांचं खोटं तेवढं सुधारलं.

मग पट्टी आली.

रुग्णाच्या दंडावर रुपयाएवढा बिल्ला चिकटवायचा. त्याची बारीक सुई कातडीखालच्या द्रवातली साखर मोजत राहते. हे जुनंच तंत्र. नवं होतं ते दुसऱ्या टोकाला. मेंदूतून निघून छातीवरून पोटापर्यंत भटकत जाणारी एक लांबलचक नस आहे. भूक, मळमळ, पोट भरल्याचं सुख, अशा बातम्या ती वर पोचवते. तिची एक फांदी कानापाशी येते. विद्यार्थ्याच्या कानामागे नखाएवढी पट्टी लावली, की ती या फांदीला विजेच्या इवल्या टिचक्या देते. रुग्णाची साखर चढली, की विद्यार्थ्याचा घसा सुकतो, पापण्या जडावतात, उगाच चिडचिड होते. उतरली, की पोटात खड्डा पडतो आणि हात थरथरतो. त्याच्या स्वतःच्या रक्तात काहीच बदललेलं नसतं. शेजारच्या घरची बातमी मेंदूला आपल्या घरची म्हणून सांगितलेली असते, एवढंच.

पट्टी आणखी एका बाबतीत हुशार होती. गोंगाटात माणसाला बारीक आवाज येत नाही आणि शांततेत घड्याळाची टिकटिकही ऐकू येते. तसंच रुग्णाची साखर शांत राहू लागली, की पट्टी आपले कान टवकारायची. मग जेवणाआधीची साधी भूकसुद्धा कळायची.

दुसऱ्याचं दुखणं स्वतःला जाणवलं, की माणूस दरडावत नाही, असा शास्त्रज्ञांचा तर्क. तर्क बरोबर होता. आपल्या मुलखातली माणसं एकमेकांच्या दुखण्याचं काय करतात, हे तेवढं त्यांनी विचारात घेतलं नव्हतं.

"नियम एकच," विभागप्रमुख डॉ. अश्लेषा नलावडे पहिल्या तासाला म्हणाल्या. "बिल्ल्यातले आकडे तुम्हाला दिसतात, हे रुग्णाला सांगा. ते तुम्हाला जाणवतात, हे सांगायचं नाही."

"का मॅडम?" फैजान मुजावरनं विचारलं. हा कराडचा फार्मासिस्ट. त्याला शंका फार आणि त्या विचारायची लाज अजिबात नाही.

"कारण मग तो स्वतःसाठी पथ्य करणार नाही. तुमच्यासाठी करील."

"पण करील ना?"

"करील. आणि तुम्हाला बरं वाटतंय एवढंच बघत बसेल."

फैजान शेजारच्या ओवी कुदळेच्या कानाशी लागला. "माझी अम्मी हे ऐकेल तर म्हणेल, मग दुसरं कोणासाठी करतात पथ्य?"

ओवी हसली. ती तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. वॉर्डात धावपळ करून करून तिचे गुडघे तिच्या वयाच्या पुढे निघून गेले होते. पदविका चांगल्या गुणांनी मिळाली, तर त्याच दवाखान्यात मधुमेह-शिक्षिकेची खुर्ची मिळणार होती. आणि गुण कशावर, तर दिलेल्या रुग्णाची साखर वर्षात किती खाली आली यावर. तिच्या वाट्याला आले गोडोलीचे हिंदुराव शेलार. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर.

पहिल्या भेटीतच हिंदुरावांनी दंडावरच्या बिल्ल्याकडे कौतुकानं पाहिलं. "नोकरीत छातीवर होता, आता दंडावर आला. बढतीच म्हणायची."

"काका, साखर जास्त आहे तुमची. चहा किती वेळा होतो?"

"दोनदा."

"घरी दोनदा," स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नीचा, शालनकाकींचा आवाज आला. "स्टँडावरचा किती, त्ये बी सांगा की तिला."

हिंदुरावांनी स्वयंपाकघराकडे बघून मान हलवली. "बघ ताई. कंडक्टर घरातच हाय."

स्टँडाच्या मागे रिटायर ड्रायव्हरांचं एक बाकडं होतं. संध्याकाळी सगळे तिथं जमायचे. चहा किटलीतून साखरेसकट यायचा. 'मला बिनसाखरेचा' म्हणणारा माणूस पुढच्या महिन्यात बाकड्यावरून कायमचा कमी होतो, असा तिथला अनुभव होता, त्यामुळे तसं म्हणायची कोणाची छाती होत नसे. वर चुरमुऱ्यांचा भत्ता, खारे शेंगदाणे, कोणाच्या नातवाचे पेढे.

बोलण्याच्या ओघात हिंदुरावांनी आपल्या नोकरीचं सार सांगितलं. "गाडी कोणीबी पळवंल. ब्रेकचा झटका प्याशिंजरला कळता कामा नये. आंबेनळी घाटात माझ्या गाडीत बायका लेकराला पाजत बसायच्या. एकीची कधी झोपमोड झाली न्हाई."

"म्हणून घरात सगळ्यांची करत्यात," काकी म्हणाल्या.

ओवीनं तेव्हा त्यांच्या पायांचे तळवे नीट पाहिले. टोचणीनं टोचून पाहिलं. उजव्या तळव्याला जवळजवळ काहीच कळत नव्हतं. "काका, या पायाला रोज आरशात बघायचं. दगड रुतला तरी तुम्हाला समजणार नाही."

"ब्रेकचा पाय हाय तो," हिंदुराव म्हणाले. "लई सोसलंय त्यानं. आता झोपलाय तर झोपू द्या."

पट्टी लागल्यापासून ओवीचं आयुष्य हिंदुरावांच्या तोंडाच्या ताब्यात गेलं. संध्याकाळ झाली, की तिचा घसा कोरडा पडायचा. रस्त्यानं चालताना पापण्या मिटायच्या. घरी आईवर ओरडायची आणि मग माफी मागायची. फैजानचा रुग्ण बिर्याणीचा शौकीन होता. दोघं वर्गात पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करत बसायचे आणि कोणाचा म्हातारा जास्त नाठाळ यावर पैजा लावायचे.

तिनं सगळं करून पाहिलं. ताटाची चित्रं दाखवली, काकींना भाकरीचा हिशोब शिकवला, बाकड्यावरच्या मंडळींना जाऊन भेटली. त्यांनी तिला आग्रहानं चहा पाजला. आलेख जिथल्या तिथं. सहामाहीला नलावडे मॅडमनी सगळ्यांचे आलेख पडद्यावर लावले आणि तिच्या आलेखापाशी काही न बोलता थोडं जास्त थांबल्या. काही माणसांचं न बोलणं गुणपत्रिकेपेक्षा स्पष्ट असतं.

त्याच आठवड्यात ओवी गोडोलीला गेली. हिंदुरावांनी आदल्या संध्याकाळी कोणाच्या तरी घरभरणीची जिलबी खाल्ली होती आणि सकाळी उरलेलीही संपवली होती. ओवी दारातच भिंतीला टेकली. काकींनी दिलेला तांब्या तिनं एका दमात रिकामा केला, मग दुसरा.

"उन्हाचं आलीस, बस," हिंदुराव म्हणाले. "काय झालं पोरी?"

आणि ओवीनं ते केलं, जे आपल्याकडे प्रत्येक आई करते, प्रत्येक आजी करते आणि अभ्यासक्रमात नेमकं जे करू नका म्हणून सांगितलेलं असतं. तिनं कानामागचे केस बाजूला केले. "हे तुमच्यामुळे झालंय, काका. तुम्ही जिलबी खाल्लीत की त्रास मला होतो. घसा माझा सुकतो. तुमच्यासाठी नाही, निदान माझ्यासाठी तरी सोडा."

हिंदुराव पट्टीकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर ओवीनं आजवर न पाहिलेली लाज होती.

"म्हंजे इतके दिस..." ते म्हणाले. "मी चहा प्यायचो तवा..."

"हो."

"आन् तू बोलली न्हाईस."

"बोलायचा नियम नाही."

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "चुकलं पोरी. आता तुला कळणार न्हाई. शब्द हाय."

वाक्य ओवीनं ऐकलं, पण ते नीट ऐकायला हवं होतं असं तिला फार उशिरा वाटलं.

पुढं काही दिवस साखर धडपडत उतरली. हिंदुराव खरोखर प्रयत्न करत होते. मग एका सकाळी बिल्ला बदलण्याची वेळ आली आणि त्यानंतर ओवीच्या कानामागे शांतता पसरली. घसा ओला, पावलं हलकी. आई म्हणाली, "तुझं कुठं लग्न ठरलंय का? सरळ बोलायला लागलीस." वर्गात मॅडमनी तिचा आलेख पुन्हा पडद्यावर लावला, या वेळी बोलल्या, आणि पुष्कळ बोलल्या. वहीत लिहून घेणाऱ्या मुलींकडे बघून ओवीला संकोच वाटला, पण फार नाही.

पट्टीनं आता कान टवकारले होते. हिंदुरावांची भूक, जेवण, दुपारचा आळस, सगळं तिला झिरपत्या पाण्यासारखं बारीक ऐकू यायचं. एका संकष्टीला तर दिवसभर पोटात खड्डा पडलेला आणि चंद्र उगवल्यावर तो भरला.

"तुझे काका चतुर्थी धरायला लागले काय?" फैजाननं विचारलं. "मागे तर म्हणत होतीस, उपासाला हसतात म्हणून."

"माझ्यासाठी धरली असेल."

"एवढा गुणी म्हातारा मलाही बघून दे ना."

ओवी हसली. मनात कुठं तरी काही खटकलं होतं. पण बातमी चांगली असली, की आपण तिचा पत्ता विचारत नाही. वाईट बातमी आली असती, तर त्याच दुपारी ती गोडोलीला गेली असती.

परीक्षेआधीच्या शेवटच्या भेटीला हिंदुराव खुर्चीतून उठले नाहीत. अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, पायात मोजे, तेही उन्हाळ्यात.

"पाय बघू, काका."

"मोजं नको काढाय लावू. वास मारत्यात. तुझी जेवायची येळ." त्यांनी विषय वळवला. "आता कसं वाटतंय? त्रास?"

"काहीच नाही. एकदम छान."

"झटका?"

"अजिबात नाही."

म्हातारा असा खुलला, जशी काही गाडी घाटातून उतरवून स्टँडावर लावली होती. काकी दारात उभ्या होत्या. त्या काही तरी बोलायला पुढं आल्या आणि हिंदुरावांनी नुसतं पाहिल्यावर मागं गेल्या. ओवीला अभ्यासाची घाई होती. नर्स म्हणून काढलेल्या सगळ्या वर्षांत तिनं मधुमेही माणसाचा मोजा न काढता पाय तपासला नव्हता. पण तेव्हा तिच्या कानामागे पट्टी नव्हती.

तोंडी परीक्षेला पुण्याहून परीक्षक आले होते. त्यांनी पडदा स्वतःकडे फिरवला आणि विचारलं, "या क्षणी तुमचा रुग्ण कसा आहे?"

ओवीनं डोळे मिटले. "भूक लागलीय त्यांना. सकाळपासून पोटात काही नाही. पण घसा ओला आहे, हात स्थिर आहेत. साखर किंचित खाली, पण काळजीचं काही नाही. ते बरे आहेत."

परीक्षकांनी आकडे पाहिले आणि पडदा मॅडमकडे वळवला. "अचूक," ते म्हणाले. "इतकी जवळीक मी फार कमी वेळा पाहिलीय."

ती बाहेर आली तेव्हा फैजान तिचा फोन हातात धरून उभा होता. शालनकाकींचा फोन येऊन गेला होता. हिंदुराव सरकारी दवाखान्यात होते. पहाटेपासून शुद्ध नव्हती.

दवाखान्यात ड्यूटीवरच्या सिस्टरनं सांगितलं, "मीटरवर आकडाच येत नाहीये. साखर त्याच्या टोकाच्या वर गेलीय. पायात विष झालंय, ते रक्तात उतरलंय."

"शक्य नाही," ओवी म्हणाली. तिची स्वतःची पावलं हलकी होती, घसा ओला होता. "मला कळलं असतं. तुम्ही मीटर बदलून बघा."

सिस्टरनं चादर बाजूला केली. उजव्या पायाचा तळवा काळा पडला होता. चप्पल दुरुस्त करून आणली होती, तिच्यातला खिळा वर आला होता. कितीतरी दिवस ते त्या खिळ्यावर चालत होते. झोपलेल्या पायानं त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

शालनकाकी बाहेर बाकावर बसल्या होत्या. ओवी त्यांच्यासमोर उभी राहिली तेव्हा त्यांनी आधी हेच विचारलं, "झाली गं परीक्षा?"

"काकी, पहाटेच का नाही फोन केला?"

"रात्रीच अंग तापलं व्हतं. हे म्हनले, पोरीची परीक्षा होऊस्तवर कुणाला सांगायचं न्हाई." त्यांनी चोळीची बाही थोडी वर सरकवली. तिथं, दंडाच्या सुरकुतलेल्या कातडीवर, बिल्ला होता. "म्हनले, तुझी साखर चांगली हाय, तू लाव. परीक्षेपुरतं. मला काय ठावं गं, ह्यात काय अस्तं."

यंत्र बनवणाऱ्यांनी बिल्ल्याच्या संदेशाला कुलपं लावली होती, चोरांपासून आणि विमा कंपन्यांपासून. कोणी आपला बिल्ला दुसऱ्या माणसाच्या सुखासाठी बायकोच्या दंडावर चिकटवील, असा विचार त्यांच्यातल्या कोणाच्याही मनाला शिवला नव्हता.

ओवी त्यांच्याशेजारी बसली. आता तिला कळत होतं, की पोटातली ती भूक कोणाची होती. परीक्षकांना तिनं अचूक सांगितलं होतं. फक्त माणूस दुसरा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिंदुराव थोडे शुद्धीवर आले. पाय कापायचं ठरलं होतं, पण डॉक्टर वेळ काढत होते आणि ते का, हे ओवीला समजत होतं. त्यांनी तिला ओळखलं. ओठ हलले. ती वाकली.

"लागला का?" ते म्हणाले. "झटका?"

तिनं त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली. "नाही, काका. काहीच कळलं नाही."

"मग झालं," ते म्हणाले, आणि डोळे मिटले. दिवेलागणीच्या आत ते गेले.

निकाल लागला. ओवी पहिली आली होती. ती गुणपत्रिका न घेता नलावडे मॅडमच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं. नियम मोडल्याचं, मोज्याचं, चतुर्थीचं. मॅडमनी निकालाचा कागद समोर ओढला.

"निकाल मी थांबवते," त्या म्हणाल्या. "पुढं काय करायचं ते समिती ठरवील. पुढच्या तुकडीपासून बिल्ला माणूस ओळखूनच चालू होईल, तशी सोय करायला सांगते."

"मॅडम, बिल्ल्याचं करा. पण मुलांना सांगा, पाय बघा म्हणून. कितीही बरं वाटत असलं तरी मोजे काढून बघा."

"पट्टी जमा करायची राहिलीय तुझी."

"उद्या करते."

पट्टी उद्या जमा झाली नाही, परवाही नाही. काकींच्या दंडावरचा बिल्ला अजून चालू होता. त्याची मुदत संपत आली होती, पण संपली नव्हती, आणि घरी पाहुण्यांच्या गर्दीत तो काढायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. ओवीला रोज कळायचं. कोणी समोर ताट ठेवलं की दोन घास. मग पाहुणे पांगले आणि तेही थांबलं. पोटात तो खड्डा पडायचा आणि दुपार उलटली तरी भरायचा नाही.

एके दिवशी भर दुपारी तिचा हात थरथरला. ती गोडोलीला गेली. चूल थंड होती. स्टोव्हवर नुसतं रिकामं पातेलं. हिंदुरावांची टोपी खुंटीवर.

"जेवलात का काकी?"

"मघाशीच की."

हिंदुराव म्हणायचे, 'दोनदा.' तोच सूर, तीच सहजता. इतक्या वर्षांच्या संसारात दोघं एकमेकांसारखं खोटं बोलायला लागले होते.

ओवीच्या जिभेवर वाक्य आलं. मला कळतं काकी, तुमच्या पोटात काही नाही, मला इथं कानामागे जाणवतं. ते तिनं तिथंच थांबवलं. एकदा बोलून पाहिलं होतं.

"मला भूक लागलीय," ती म्हणाली.

काकींनी वर पाहिलं. दारात आलेली लेक उपाशी आहे, एवढं कानावर पडल्यावर ही बाई बसून राहणं शक्य नव्हतं. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, पिठाचा डबा काढला. ओवी खोटं बोलली नव्हती. भूक कोणाची, एवढंच तिनं सांगितलं नव्हतं.

तव्यावर भाकरी फुगली. मुगाची आमटी, कच्चा कांदा. काकींनी एकच ताट वाढलं. ओवीनं ते दोघींच्या मध्ये ओढलं आणि हात न लावता बसून राहिली.

"खा की."

"एकटीला जात नाही."

काकींनी तिच्याकडे रोखून पाहिलं. पुढचा प्रश्न ओठांवर आला होता, पण त्यांनी तो विचारला नाही. घास मोडला. मग आणखी एक. खाता खाता डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते न पुसता खात होत्या.

ओवीच्या पोटातला खड्डा हळूहळू भरत आला. हाताची थरथर थांबली.

"अजून वाढू?" काकींनी विचारलं.

ओवीनं क्षणभर डोळे मिटून अंदाज घेतला.

"अर्धी भाकरी," ती म्हणाली. "दोघींत."